सोयाबीन खरेदीतल्या अधिकाऱ्याने व्यवस्थापनाच्या वर्गात जावे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कृषी पदवीनंतर ११ वर्षे तुम्ही लातूर भागातल्या एका सोयाबीन प्रक्रिया कारखान्यात खरेदी सांभाळता आहात आणि पुढच्या वर्षी कारखान्याच्या संपूर्ण व्यवसायाची जबाबदारी तुमच्याकडे येणार आहे. त्याआधी कृषी-व्यवसाय व्यवस्थापनाचे, नोकरी करणाऱ्यांसाठी असलेले शिक्षण तुम्ही घ्यावे, खर्च आम्ही करू, असे कंपनी म्हणते. एका बाजूला वर्षभर शनिवार-रविवार चालणारा अभ्यासक्रम आहे, दुसऱ्या बाजूला पाच-सहा दिवसांचा निवासी कार्यक्रम. या वयात, या कामात, यातले काही उपयोगी पडेल का आणि पडले तर कोणते, हे तुम्हाला हवे आहे.

मी तेलबिया आणि कडधान्यांच्या खरेदी-प्रक्रियेत २६ वर्षे काढली आहेत. नोकरीच्या नवव्या वर्षी मी अशाच एका वर्गात बसलो होतो आणि अलीकडे अधूनमधून अशा वर्गांत शिकवतोही. माझे मत असे की तुम्ही आधी छोटा निवासी कार्यक्रम करावा, आणि तोही स्वतःच्या कारखान्याचे तीन हंगामांचे आकडे हातात घेऊन. वर्षभराच्या अभ्यासक्रमाचा विचार नवी जबाबदारी एक हंगाम सांभाळून झाल्यावर करावा. यामागची कारणे सविस्तर सांगतो, कारण चुकीच्या अपेक्षेने वर्गात गेलेले पुष्कळ हुशार लोक प्रमाणपत्र घेऊन कोरडे परतलेले मी पाहिले आहेत.

खरेदीत वाढलेल्या माणसाला माल कळतो. मुठीत दाणे घेऊन हवा, म्हणजे ओलावा, किती आहे हे आपण यंत्राआधी सांगू शकतो. कोणत्या गावचा माल डागी येणार, कोणता आडत्या कोणत्या दिवशी हात आखडता घेणार, हे आपल्याला ठाऊक असते. मात्र मालाबरोबर जो पैसा, जो वेळ आणि जी जोखीम सरकत असते, ती आपल्याला दिसत नाही, कारण तिचे कागद दुसऱ्याच्या टेबलावर असतात. माझ्या बाबतीत हे कसे उघड झाले ते सांगतो. एका वर्षी दिवाळीच्या आवकेत भाव खाली होते म्हणून मी गोदामे भरून घेतली आणि उन्हाळ्यात भाव वर गेल्यावर माल काढला. कंपनीत सर्वांनी पाठ थोपटली. वर्गात मी हा अनुभव अभिमानाने सांगितला, तेव्हा शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी एकच विचारले: त्या सहा महिन्यांत पैसा कोणाचा होता आणि तो काय भावाने घेतला होता?

तो हिशेब एक भाव धरून मांडून दाखवतो. समजा तुम्ही ५,००० टन सोयाबीन ४,५०० रुपये क्विंटलने घेतले. म्हणजे ५०,००० क्विंटल आणि साडेबावीस कोटी रुपये. बँकेचे व्याज वर्षाला १० टक्के धरले, तर सहा महिन्यांचे व्याज क्विंटलमागे २२५ रुपये होते. त्यात गोदामभाडे, विमा, बारदान्याची झीज, उंदीर-कीड आणि वाळून होणारी घट अजून धरलेली नाही. मे महिन्यात भाव ४,७०० झाला, तर खरेदी अधिकाऱ्याला २०० रुपयांचा नफा दिसतो, आणि प्रत्यक्षात कंपनी व्याजातच २५ रुपये तोट्यात असते. माझ्या बाबतीत हेच घडले होते. नऊ वर्षे मी खरेदी करत होतो आणि क्विंटलमागे महिन्याला व्याज किती पडते, हा आकडा मला तोंडपाठ नव्हता. आज माझ्या हाताखालून जाणाऱ्या प्रत्येक खरेदीदाराला मी आधी तो पाठ करायला लावतो.

यात साठवणूक वाईट असे कोणी समजू नये. सोयाबीनची आवक मुख्यतः ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात एकवटते आणि कारखाना वर्षभर चालवायचा असतो, त्यामुळे काही साठा करावाच लागतो. प्रश्न असतो तो किती, कोणाच्या पैशाने आणि कोणत्या पावतीवर. गोदाम अधिनियम २००७ मध्ये झाला, त्यानंतर नियामक प्राधिकरण आले आणि पुढे इलेक्ट्रॉनिक गोदाम पावती आली. तरीही कित्येक खरेदी अधिकाऱ्यांना तिचा वापर फक्त ऐकून माहीत असतो. आपलाच पुरवठादार शेतकरी किंवा त्याची कंपनी माल स्वतःच्या नावे गोदामात ठेवून त्यावर तारण कर्ज घेत असेल, तर आपल्याला सगळा माल दिवाळीतच उचलण्याची गरज उरत नाही, आणि त्यालाही पडत्या भावात विकावे लागत नाही. असा दोन्ही बाजूंच्या सोयीचा करार बसवणे हे व्यवस्थापनाचे काम आहे, आणि वर्गात ते शिकता येते.

दुसरी गोष्ट गाळपाची. तुमच्या कारखान्याचा नफा सोयाबीनच्या भावावर ठरत नाही, तो तीन भावांमधल्या फरकावर ठरतो. १०० किलो सोयाबीनमधून ढोबळमानाने १८ किलो तेल आणि ८० किलोच्या आसपास पेंड, म्हणजे तेल काढल्यावर उरणारा चोथा, बाजारातली डीओसी, निघते. कच्चे तेल १२० रुपये किलो आणि पेंड ३२ रुपये किलो धरली, तर तेलाचे २,१६० आणि पेंडीचे २,५६० मिळून ४,७२० रुपये हातात येतात. सोयाबीन ४,५०० ला घेतले असेल, तर उरतात २२०. त्यातून हेक्झेन (तेल काढायचे द्रावक), वाफ, वीज, मजुरी आणि दुरुस्ती यांसाठी २०० गेले, तर क्विंटलमागे २० रुपये राहतात. आता पेंडीचा भाव किलोमागे फक्त १ रुपयाने उतरू द्या; ८० रुपये गेले आणि कारखाना क्विंटलमागे ६० रुपयांच्या तोट्यात चालू लागला. हे आकडे मी उदाहरणासाठी धरलेले आहेत, तुमचे तुम्ही घाला. परंतु एवढे नक्की दिसेल की वरच्या हिशेबात तेलापेक्षा पेंडीचा वाटा मोठा आहे, आणि आपण सकाळी उठून आधी तेलाचा भाव पाहतो.

पेंडीकडे पाहायला लागले की नजर आपोआप कुक्कुटपालनाकडे जाते, आणि तिथून इथेनॉलकडे. मका आणि तांदळापासून इथेनॉल करणारे कारखाने वाढले, त्यांतून डीडीजीएस नावाचा प्रथिनयुक्त चोथा मोठ्या प्रमाणावर पशुखाद्यात येऊ लागला आणि त्याने सोयापेंडीची मागणी व भाव दाबले. लातूरच्या बाजारात सोयाबीन का पडले याचे एक उत्तर इंधनाच्या धोरणात आहे, हे खरेदीच्या टेबलावरून दिसत नाही. १९५७ मध्ये हार्वर्डच्या जॉन डेव्हिस आणि रे गोल्डबर्ग यांनी कृषी-व्यवसाय ही संकल्पना मांडली, तेव्हा त्यांचा आग्रह हाच होता की निविष्ठा (बियाणे, खते), शेती, साठवण, प्रक्रिया आणि वितरण हे एकच जाळे मानून पाहावे. आज हा विचार साधा वाटतो. मात्र कंपन्यांच्या रचनेत खरेदी, उत्पादन, विक्री आणि वित्त हे चार विभाग अजूनही वेगवेगळ्या भिंतींमागे बसतात, आणि म्हणूनच हे शिक्षण चाळिशीच्या जवळ आलेल्या माणसाला जास्त उपयोगी पडते. बावीस वर्षांच्या विद्यार्थ्याला हे जाळे नकाशासारखे पाठ करावे लागते. तुम्ही त्यातल्या एका गाठीवर ११ वर्षे बसलेले आहात.

सर्वसाधारण व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम यासाठी पुरत नाही, असे माझे ठाम मत आहे. साबण किंवा पंखे विकणाऱ्या उद्योगात कच्चा माल वर्षातून एकदाच पिकत नाही, हजारो छोट्या खातेदारांकडून दोन-चार पोत्यांनी येत नाही आणि सरकारच्या एका अधिसूचनेने रात्रीत त्याचा भाव बदलत नाही. आपल्याकडे हे नित्याचे आहे. २०२१ च्या उन्हाळ्यानंतर सोयाबीन काही बाजारांत १०,००० रुपयांच्या आसपास पोहोचले होते. त्या ऑगस्टमध्ये केंद्राने १२ लाख टन जनुकीय सुधारित सोयापेंड आयातीला परवानगी दिली आणि नव्या पिकाच्या तोंडावर भाव कोसळले. त्याच वर्षी २० डिसेंबरला सोयाबीनसह अनेक शेतमालांचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेच्या मालाचे आज भाव ठरवून होणारे बाजारातले सौदे, थांबवण्यात आले आणि ही बंदी पुढे पुन्हा पुन्हा वाढवली गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के झाले आणि मे २०२५ अखेर ते १० टक्क्यांवर आले. नाशिककडचे उदाहरण घ्यायचे तर डिसेंबर २०२३ मध्ये कांदा निर्यात बंद झाली, ती पुढच्या मे महिन्यात किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून उघडली; आणि त्याच हंगामात तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे युरोपला जाणारे द्राक्षांचे कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागले, म्हणजे आधीच काही आठवड्यांच्या असलेल्या प्रवासात नाशवंत फळाचे आणखी दोनएक आठवडे गेले. अशा धक्क्यांत कोणता करार टिकतो, कोणता मोडतो, माल कमी ठेवावा की आगाऊ विकून मोकळे व्हावे, यावर विचार करण्याची सवय लागायला हवी. ती एकट्याने बसून लागत नाही.

अभ्यासक्रम पारखण्याची एक सोपी कसोटी यातूनच मिळते. माहितीपत्रकातल्या इमारतीचे आणि हिरवळीचे फोटो बाजूला ठेवा आणि सत्रांचे वेळापत्रक मागवा. भावाच्या जोखमीवरचे सत्र सोयाबीनच्या वायद्यांवर बेतलेले असेल आणि ते वायदे डिसेंबर २०२१ मध्ये थांबवले गेले याचा त्यात उल्लेखच नसेल, तर ते टिपण जुने आहे आणि शिकवणाऱ्याचा बाजाराशी संबंध सुटलेला आहे असे समजा. याउलट, वायदे नसताना पेंड आणि तेल आगाऊ विकून गाळपातला फरक कसा बांधून घ्यावा, साठ्याची मर्यादा संचालक मंडळाकडून लेखी कशी ठरवून घ्यावी, असे विषय दिसले, तर निःशंक जावे. कागद-पेन्सिलने हिशेब करायला लावणारा वर्ग हा सादरीकरणे दाखवणाऱ्या वर्गापेक्षा कैक पटींनी चांगला. मला आयुष्यभर पुरलेले धडे अशाच हिशेबांतून मिळाले.

असा एक हिशेब तुमच्या रोजच्या कामाचा आहे. १०० क्विंटल सोयाबीन १४ टक्के ओलाव्याने आले आणि तुम्हाला ते १० टक्क्यांवर आणायचे आहे. वजन किती घटेल? वर्गात बहुतेक जण ४ क्विंटल सांगतात. पण कोरडा भाग ८६ क्विंटल आहे आणि तो वाळलेल्या मालाच्या ९० टक्के असायला हवा, म्हणजे उरतात ९५.५६ क्विंटल आणि घट येते ४.४४. १८ टक्क्यांच्या मालात ही घट ८.८९ होते. म्हणजे १० टक्क्यांच्या पायावर क्विंटलला टक्क्यामागे १.११ किलो ही खरी घट आहे. सरळ १ किलो कापणारा कारखाना नकळत नुकसान सोसतो. आणि काही ठिकाणी जसे सरसकट दीड किलो कापतात, तिथे शेतकऱ्याच्या पदरातले सरळ काढून घेतले जाते. वाळवणीचा खर्च लावायचा असेल तर तो वेगळा दाखवावा, घटीच्या आड लपवू नये. मी हा तक्ता करून वजनकाट्यावर सर्वांना दिसेल असा लावला, तेव्हा पहिल्या हंगामात आडत्यांनी कुरकुर केली आणि दुसऱ्या हंगामात चांगला माल घेऊन शेतकरी आपणहून आमच्या फाटकाशी येऊ लागले. माझ्या संपूर्ण शिक्षणातला सर्वांत समाधान देणारा भाग तोच होता, हे मी मोकळेपणाने सांगतो.

शेतकऱ्यांचा विषय निघालाच आहे, तर शेतकरी उत्पादक कंपन्यांबद्दल, म्हणजे शेतकरीच सभासद असलेल्या कंपन्यांबद्दल, लिहिले पाहिजे, कारण पुढच्या दहा वर्षांत तुमची खरेदी त्यांच्याकडून वाढत जाणार आहे. २००२ च्या कायदा दुरुस्तीने या कंपन्यांना जागा मिळाली, २०२० मध्ये १०,००० नव्या संस्थांची केंद्रीय योजना आली आणि महाराष्ट्रात जागतिक बँकेच्या साहाय्याने चालणाऱ्या ‘स्मार्ट’ प्रकल्पातून त्यांना खरेदीदारांशी जोडण्याचे प्रयत्न झाले. तरीही व्यवहारात गाडी एकाच जागी अडते. शेतकऱ्याला माल टाकल्या दिवशी किंवा दोन-तीन दिवसांत पैसे हवे असतात, कारखाना पंधरा दिवसांनी देतो, आणि मधल्या दिवसांपुरते भांडवल त्या कंपनीकडे नसते. मग सभासदच आडत्याकडे जातो आणि आपण म्हणतो, या कंपन्या शब्द पाळत नाहीत. या पंधरा दिवसांच्या व्याजाचा आकडा काढून पाहा: ४,५०० वर १० टक्क्यांनी क्विंटलमागे साडेअठरा रुपये. एकसारखा, स्वच्छ, प्रतवारी केलेला माल एकगठ्ठा मिळत असेल, तर हा आकडा सोसणे कारखान्याला परवडते की नाही, हे तुमच्या वित्त अधिकाऱ्यासोबत बसून ठरवता येईल. ज्या वर्गात कारखान्यांचे अधिकारी आणि अशा कंपन्यांचे संचालक शेजारी-शेजारी बसतात, तो वर्ग निवडा. एकमेकांचे ताळेबंद पाहिल्यावर दोघांचीही भाषा बदलते.

संस्थांविषयी थोडक्यात. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत कृषी व्यवस्थापनाचे जुने केंद्र आहे, २००० पासून अन्न व कृषी-व्यवसायाचा पूर्णवेळ अभ्यासक्रमही आहे, आणि प्रत्यक्ष उद्योगांच्या उदाहरणांवर चर्चा करून शिकवण्याची पद्धत तिथे मुरलेली आहे. हैदराबादची मॅनेज, जयपूरची राष्ट्रीय कृषी विपणन संस्था, आणंदची इर्मा आणि आपल्या पुण्याची वैकुंठ मेहता संस्था यांचा भर वेगवेगळा आहे: विस्तार, बाजारपेठ, ग्रामीण व्यवस्थापन, सहकार. तुमच्या कारखान्याची मालकी सहकारी असती, तर मी पुणे आधी सुचवले असते. खासगी प्रक्रिया उद्योगासाठी अहमदाबादसारखी, वित्त आणि धोरण एकत्र शिकवणारी जागा योग्य वाटते. परदेशातले कार्यक्रम दर्जेदार असतात, पण तिथला शेतकरी हजार एकरांचा आणि आपला दोन एकरांचा. तुमच्या या टप्प्यावर तो खर्च मी करणार नाही.

नोकरी करणाऱ्यांच्या शिक्षणाचा मला सर्वांत आवडणारा नमुना मात्र या मोठ्या वर्गांतला नाही. कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्यांसाठी मॅनेजने २००३ मध्ये ‘देसी’ ही वर्षभराची पदविका सुरू केली. ४८ आठवडे, आठवड्यातून एकच दिवस, तोही रविवारी किंवा बाजाराच्या सुट्टीला. त्यात ४० वर्गातली सत्रे आणि ८ शेतावरच्या भेटी. दुकान बंद पडत नाही, आणि रविवारी शिकलेले सोमवारी गल्ल्यावर आलेल्या शेतकऱ्यासमोर वापरून पाहता येते. वर्षभराचा अभ्यासक्रम निवडायची वेळ येईल, तेव्हा तो असा कामात विणलेला आहे का, हे पाहा. ऑक्टोबर ते जानेवारी या काळात ज्याची परीक्षा किंवा सक्तीची निवासी सत्रे येतात, तो सोयाबीनच्या माणसासाठी नाही. त्या दिवसांत तुमचे अर्धे मन लिलावात असणार.

निवासी कार्यक्रमासाठी जून ते ऑगस्ट हा काळ उत्तम. आवक पातळ असते, कारखान्यात दुरुस्तीची कामे निघालेली असतात आणि नव्या हंगामाला दोन-तीन महिने उरलेले असतात, म्हणजे शिकलेले लगेच मांडता येते. जाताना तीन हंगामांच्या खरेदीपट्ट्या, ओलाव्याची नोंदवही, महिनावार साठा, बँकेच्या कर्जखात्याचा उतारा आणि तेल-पेंडीच्या विक्रीचे दर एका वहीत उतरवून न्या. कंपनीच्या गोपनीयतेची काळजी असेल तर सर्व वजनांना आणि रकमांना एकाच संख्येने गुणून न्या, प्रमाण तेच राहते. आणि शक्य असेल तर एकटे जाऊ नका. कंपनीने तुमच्याबरोबर वित्त विभागातल्या एकाला पाठवावे अशी विनंती करा. एकटा माणूस नवी भाषा शिकून परततो आणि त्याच्याशी ती बोलायला कार्यालयात कोणी नसते. दोघे गेले तर परतीच्या रेल्वेतच पुढच्या हंगामाची आखणी सुरू होते.

खर्चाबद्दल संचालकांनी विचारले, तर तोही क्विंटलमध्ये सांगा. दोघांचे शुल्क, प्रवास आणि निवास मिळून समजा ५ लाख रुपये झाले. ५०,००० क्विंटल खरेदीवर ते क्विंटलमागे १० रुपये पडतात. घटीचा खरा तक्ता, मालाची खरेदी आणि विक्री यांतले अंतर आठवड्याने कमी करणे, आणि साठ्याला घातलेली लेखी मर्यादा, या तिन्हींपैकी एखादीच गोष्ट नीट बसली तरी १० रुपये एका हंगामात निघतात. एका आठवड्याचे व्याजच क्विंटलमागे साडेआठ रुपयांहून अधिक आहे. मात्र त्याच पत्रात एक अट घाला: परतल्यावर पहिल्या महिन्यात एक बदल राबवण्याचा अधिकार तुम्हाला लेखी मिळावा, आणि त्याचा हिशेब तुम्ही मार्चअखेर मंडळापुढे ठेवाल. ही अट मान्य होत नसेल, तर यंदा थांबा, वही तेवढी आतापासून लिहायला घ्या.